टॅपेट गप्प झालं म्हणून खूश होऊ नका

गॅसवर धावणाऱ्या जुन्या मोटारीचं टॅपेट वाजायचं आपोआप थांबलं, तर मालक बहुधा खूश होतो. इंजिन मऊ झालं म्हणतो. काही महिन्यांनी गाडी सकाळी सुरू होताना कुरकुर करते, थंड असताना एका सिलिंडरवर मार खाते, गरम झाली की बरी चालते. मग प्लग बदलतात, कॉइल बदलतात, इंजेक्टर धुतात, आणि हे सगळं पैसे घालवून झाल्यावर हेड उतरतं. आत दिसतं ते असं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या जागेपेक्षा खोल गेलेला आहे, एखाद्याच्या कडेला जळून खाच पडली आहे आणि सीटची सपाट कड झिजून तिची वाटी झाली आहे.

नागपुरात या बिघाडाचं खापर सध्या तिघांवर फुटतं: उन्हाळ्यावर, पेट्रोलमधल्या इथेनॉलवर आणि गॅसवर. तिघांचा दोष सारखा नाही. उन्हाळा आडून मारतो, इथेनॉलला त्याच्या वाट्यापेक्षा बरीच जास्त शिक्षा मिळते आहे, आणि गॅसचा दोष खरा असला तरी तो वेळेत पकडता येतो. तो पकडला जात नाही, कारण आपल्याकडे टॅपेट वाजलं तरच त्याचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक आणि रॉकर किंवा कॅम यांमधली फट, मोजतात. सीट झिजते तेव्हा मात्र गॅप वाढत नाही, घटतो. व्हॉल्व्ह हेडमध्ये जेवढा वर सरकतो, तेवढं त्याच्या दांड्याचं टोक रॉकरकडे किंवा कॅमकडे जातं. आवाज कमी होतो. गॅप शून्यावर आला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि न मिटलेला व्हॉल्व्ह थोड्याच दिवसांत जळतो.

असं का होतं हे समजायला सीटचं काम पाहू. हेडमधल्या छिद्राच्या तोंडाशी एक ते दोन मिलिमीटर रुंदीची तिरपी गोल कड, एवढंच तिचं अस्तित्व. जास्त करून ४५ अंशांत कापलेली. तिच्यावर दोन जबाबदाऱ्या आहेत. पहिली, दाब कोंडून धरणं. स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमध्ये ५० बारच्या आसपास दाब धरला, तर २८ मिलिमीटर व्यासाच्या व्हॉल्व्हवर तीनशे किलोहून जास्त वजनाएवढा जोर येतो, आणि तो सगळा या अरुंद कडेवर पडतो. दुसरी जबाबदारी उष्णतेची. जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. ही उष्णता बाहेर जायला वाटा दोनच, दांड्यातून, तो ज्यात सरकतो त्या गाइडमध्ये, किंवा कडेतून सीटमध्ये. सुमारे तीन चतुर्थांश उष्णता सीटमार्गे जाते, तीही व्हॉल्व्ह मिटलेला असताना. मिटण्याचा वेळ कमी झाला किंवा मधे फट राहिली, की डोकं आणखी तापतं, फटीतून जाणारा जाळ कडा कापत जातो आणि फट वाढते.

आता हे किती वेळा घडतं ते पाहा. सरासरी ताशी ४० किलोमीटरने एक लाख किलोमीटर, म्हणजे अडीच हजार तास. इंजिन मिनिटाला २००० फेरे करत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा सीटवर आपटतो. लाख किलोमीटरला पंधरा कोटी वेळा. तरीही चांगली सीट दोन-दोन लाख किलोमीटर टिकते, याचंच खरं तर आश्चर्य वाटायला हवं.

ती टिकते कारण दोन धातूंच्या मध्ये काहीतरी असतं. तापलेला व्हॉल्व्ह तापलेल्या सीटवर जोराने दाबला जातो तेव्हा दोन्ही पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे क्षणभर एकमेकांना चिकटतात. व्हॉल्व्ह उघडताना ते तुटतात आणि सीटच्या धातूचे कण व्हॉल्व्हला चिकटून निघून येतात. हेच कण कडक होऊन पुढे सीटला कानशीसारखे घासत राहतात. मध्ये राखेचा, ऑक्साइडचा किंवा इंधनातल्या एखाद्या पदार्थाचा पातळ थर असेल तर चिकटणं थांबतं. जवळजवळ पाऊण शतक हा थर शिशाने पुरवला, आणि तेही कुणी तसं ठरवलेलं नसताना.

थॉमस मिड्ग्ली याने जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा गुण शोधला, तो इंजिनाची ठोक थांबवण्यासाठी. १९२३ मध्ये असं पेट्रोल अमेरिकेत विकायला आलं. शिशाची संयुगं व्हॉल्व्हच्या कडेवर बसून तिला वंगण देतात, हा फायदा पदरात आयता पडला. त्या भरवशावर कारखाने सीट साध्या ओतीव लोखंडातच कापत राहिले. वेगळी कडी नाही, कडक करण्याचा खर्च नाही. शिशाने माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, मेंदूचं काय केलं हे उघड व्हायला पुढची अनेक दशकं गेली. ते पेट्रोल गेलं हे उत्तमच झालं. जगातला मोटारींसाठीचा त्याचा शेवटचा साठा अल्जीरियात २०२१ मध्ये संपला.

भारतात ही माघार टप्प्याटप्प्याने झाली. १९९४ मध्ये चार महानगरांत कमी शिशाचं पेट्रोल आलं. १ एप्रिल १९९५ पासून तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नव्या मोटारींसाठी बिनशिशाचं मिळू लागलं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर, म्हणजे नागपुरातही, फक्त बिनशिशाचंच उरलं. तेव्हा रस्त्यांवर अॅम्बॅसडर भरपूर होत्या. त्यांचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं, ओतीव लोखंडाच्या हेडचं, सीट त्याच लोखंडात कापलेली. इंग्लंडमध्ये याच घराण्यातल्या एमजी मोटारींचे मालक व्हॉल्व्ह सीटच्या चिंतेने हैराण झाले आणि हेडमध्ये कडक कड्या बसवून घेण्याचा धंदा तिथे जोरात चालला. आपल्याकडे तसा गहजब झाला नाही. माझ्या मते याचं श्रेय आपल्या रस्त्यांना आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कृषी खात्याबरोबर शेतीची इंजिनं बिनशिशाच्या पेट्रोलवर चालवून पाहिली. कमी फेऱ्यांवर, हलक्या भाराखाली मऊ सीटसुद्धा तग धरून राहिल्या आणि जास्त फेऱ्यांवर, सलग भाराखाली भराभर खचल्या, असं त्यात दिसलं. वर्धा रोडवर पन्नास-साठच्या वेगाने, ट्रकच्या मागे जाणारी अॅम्बॅसडर पहिल्या गटात मोडत होती.

हा जुना निष्कर्ष आज नागपूरकरांच्या जास्त कामाचा आहे, कारण आपले रस्ते बदलले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटर रस्ता खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० ची मुभा आहे. पंधरा वर्षं सीताबर्डी ते मानेवाडा असं करत आलेली छोटी मोटार एक दिवस गॅसवर, पाच माणसं आणि सामान घेऊन, तीन-चार तास सलग चार हजार फेऱ्यांवर पळते. शहरातल्या वर्षभराच्या धावपळीत सीटला जेवढा मार बसत नाही, तेवढा असल्या काही फेऱ्यांत बसू शकतो. टायर फुटण्याची चर्चा समृद्धीबाबत झाली, ती रास्तच आहे. इंजिनाच्या आतल्या या झिजेची मात्र कुठेच होत नाही.

गॅसचं प्रकरण इथे जरा सविस्तर पाहायला हवं. मुंबई-पुण्यात सीएनजी बऱ्याच आधी स्थिरावला. नागपूर गॅसवाहिनीपासून लांब होतं, त्यामुळे इथे गॅस द्रवरूपात गुजरातेतून टँकरने यायचा आणि पुन्हा वायू होऊन पंपावर मिळायचा. २०२२ मध्ये नागपूरचा सीएनजी देशात सर्वांत महागांपैकी होता, किलोमागे शंभरीच्या वर. समृद्धीच्या कडेने आखलेली गेल कंपनीची मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी हा या अडचणीवरचा उपाय. मधल्या वर्षांत इथल्या कितीतरी मोटारी एलपीजीवर चालल्या. काही अधिकृत किटवर, काही घरगुती सिलिंडरवर, चोरून. ते सिलिंडर जिवाला किती धोक्याचे होते हे सांगायला नको. पण त्या मोटारींची हेडं वारंवार का उतरत होती, याचंही उत्तर गॅसमध्येच आहे.

पेट्रोल सिलिंडरमध्ये शिरताना बारीक थेंबांच्या रूपात येतं. ते वाफ होताना उष्णता शोषतं, व्हॉल्व्हच्या पाठीला थोडं ओलं करतं आणि त्यातली स्वच्छकं, तेलाचे अंश असं काहीतरी मागे ठेवतं. गॅस कोरडा येतो. थंडावा नाही, राख नाही. शिवाय सीएनजीतला मिथेन पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. ठिणगीची वेळ पेट्रोलचीच ठेवली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताना आतला जाळ पुरता संपलेला नसतो आणि तो कडेवरून बाहेर पडतो. म्हणून किटबरोबर टायमिंग पुढे ओढणारं उपकरण लागतं. खर्च वाचवायचा म्हणून बाहेर बसवलेल्या किटमधून नेमकं तेच गळतं. दुसरी खोड अॅव्हरेजची. किलोमागे दोन किलोमीटर जास्त मिळावेत म्हणून गॅस आवळून मिश्रण पातळ करतात. पातळ मिश्रण आणखी सावकाश जळतं, एक्झॉस्ट आणखी तापतो. दोन किलोमीटरच्या फायद्यासाठी हेडच्या कामाचं बिल ओढवून घेण्याचा हा व्यवहार माझ्या तरी हिशेबात बसत नाही.

कारखान्यातून गॅसची म्हणून येणारी मोटार आणि बाहेरून किट बसवलेली मोटार यांत खरा फरक टाकीच्या पाइपांत नाही, हेडमध्ये आहे. गॅससाठी घडवलेल्या इंजिनात सीटच्या कड्या पावडर धातूच्या असतात. लोखंडाच्या भुकटीत मॉलिब्डेनम, कोबाल्ट, टंगस्टनची कार्बाइडं आणि घन वंगणं मिसळून, दाबून आणि भट्टीत भाजून केलेल्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेवर स्टेलाइटसारख्या कोबाल्ट मिश्रधातूचा थर चढवतात. बाहेर किट बसवणारा हेडला हातच लावत नाही. त्यामुळे किट बसवण्याआधी विचारायचा प्रश्न टाकी किती किलोची हा नसून, या इंजिनाच्या कड्या गॅस सोसतील का हा आहे. त्याच इंजिनाची कंपनीची गॅस आवृत्ती बाजारात असेल, तर दोन्हींच्या व्हॉल्व्ह आणि सीटचे पार्ट नंबर ताडून पाहावेत. नंबर वेगळे असतील तर उत्तर मिळालं.

नागपूर या बाबतीत प्रयोगांचं शहर राहिलं आहे. खासदार नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये इथे स्कॅनियाची इथेनॉलवरची बस धावली. पुढे त्या हिरव्या बसचा ताफा झाला आणि २०१८ मध्ये वादांमुळे तो बंद पडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये गडकरींनीच सीएनजीवर आणलेला डिझेल ट्रॅक्टर लोकांपुढे ठेवला, आणि त्याच वर्षी जुलैत कामठी रोडच्या बाजूला देशातला पहिला खासगी एलएनजी पंप सुरू झाला. बसचा धडा मोटारींना लागू होत नाही, कारण ते इंजिन डिझेलसारखं दाबाने पेटणारं होतं. डिझेलवरून गॅसवर आणलेल्या ट्रॅक्टर-ट्रकांचा मात्र लागू होतो. डिझेल इंजिनाचा एक्झॉस्ट ठिणगीच्या गॅस इंजिनापेक्षा थंड असतो. त्या थंड जाळासाठी निवडलेल्या सीटवर गरम, कोरडा जाळ सोडायचा, तर कड्या बदलणं हा रूपांतराचाच भाग धरला पाहिजे.

इथेनॉलकडे वळू. वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं, २०२५ मध्ये ते जवळपास सगळीकडे झालं आणि त्यासोबत तक्रारींचा पूर आला. बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. मायलेज घटतं ही तक्रार खोटी नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, जुन्या बेताच्या चारचाकींत सहा-सात टक्के घट धरली होती. रबरी नळ्या, पंपाची सील, टाकीतलं पाणी या काळज्याही जुन्या गाड्यांना आहेत. पण सीट खचण्याचा दोष इथेनॉलवर टाकताना थोडं थांबायला हवं. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषतं. म्हणजे आत येणारा हवेचा घोट ते थंड करतं. गॅस याच्या नेमकं उलट वागतो.

अपवाद एक आहे, आणि तो महत्त्वाचा. पेट्रोलला जळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेरा पटच्या आसपास. इंजेक्शनच्या मोटारीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला डोकं नसतं. त्याचं जेट जुनंच राहिलं, तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं आणि एक्झॉस्ट तापतो. म्हणून जुनी मारुती ८००, पद्मिनी किंवा पेट्रोल अॅम्बॅसडर प्रेमाने सांभाळणाऱ्याने जेट एक-दोन नंबरने मोठं करून घ्यावं. ज्याच्या इंजेक्शनच्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर मेला आहे आणि इंजिनाचा पिवळा दिवा महिनोन् महिने जळतो आहे, त्याचीही अवस्था कार्ब्युरेटरवाल्यासारखीच. शंभर टक्क्यांपर्यंत इथेनॉल पिणाऱ्या फ्लेक्स मोटारी हा वेगळा विषय. तिथे सीट कडक लागतातच आणि ब्राझीलमध्ये १९७९ च्या इथेनॉल फियाट १४७ पासून कंपन्या हे शिकत आल्या आहेत.

उन्हाळ्याचं काय? २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. आठशे अंशांच्या व्हॉल्व्हला बाहेर २५ आहेत की ४८ याने थेट काही फरक पडत नाही. फरक पडतो रेडिएटरला. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर मधला उतार ७० अंशांचा, मे महिन्यात तो ४७-४८ वर येतो. रेडिएटरची उष्णता फेकण्याची ताकद जवळपास एक तृतीयांश घटते. निरोगी यंत्रणेत तेवढी शिल्लक ठेवलेली असते. बोअरवेलचं पाणी ओतून आतल्या वाटांवर क्षाराची पुटं चढवलेल्या, फॅनचा स्विच सुस्त झालेल्या गाडीत ती नसते. एक्झॉस्ट सीटच्या मागची पाण्याची वाट हेडमधली सगळ्यांत अरुंद जागा असते आणि क्षार पहिल्यांदा तिथेच धरतात. काटा मधोमध दाखवत असतानाही ती जागा जास्त तापलेली असू शकते.

त्यात थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडची रीत. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच गोल फिरत राहतं. नागपूरच्या उन्हात थर्मोस्टॅट नको, हे वाक्य ज्या गॅरेजात ऐकाल तिथे हेडचं काम देऊ नका.

जास्त तापल्याचा सर्वांत वाईट परिणाम झिजेचा नसून कडी सुटण्याचा असतो. हल्लीची हेडं अॅल्युमिनियमची, सीटच्या कड्या लोखंडी कुळातल्या, घट्ट दाबून बसवलेल्या. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुपटीने प्रसरण पावतं. ३२ मिलिमीटरची कडी आणि तिचं घर दोन्ही १५० अंशांनी तापली, तर घर कडीपेक्षा सुमारे ०.०५ मिलिमीटर जास्त फाकतं. मुळात पकडच ०.०८ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपासची. नेहमीच्या चालण्यात ती पुरते. पाणी संपलेलं असताना गाडी तशीच वर्ध्यापर्यंत रेटली, की अॅल्युमिनियम मऊ पडून दबतं आणि थंड झाल्यावर पकड पूर्वीची राहत नाही. पुढे कधीतरी कडी सुटते, व्हॉल्व्ह तिच्यावर आदळतो, आणि पिस्टनसकट सगळं जातं. म्हणून एकदा उकळलेल्या गाडीत फक्त गॅस्केट बदलून हेड परत चढवू नये. कड्या हलतात का हे त्याच वेळी तपासून घ्यावं.

आणि इथे लेथवाल्याचा हात येतो. माझ्या मते सीटची निम्मी दुखणी हेडच्या पहिल्या कामात जन्मतात. क्रम चुकतो तो गाइडपाशी. सीट कापण्याच्या कटरचा दांडा गाइडमध्ये बसतो. गाइड झिजलेलं असेल तर कटर डुलतो आणि सीट व्हॉल्व्हच्या अक्षाला तिरकी कापली जाते. मिस्तरी मग ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासत बसतो, निळा रंग लावला तर पूर्ण गोल उमटतो, रॉकेल ओतलं तर झिरपत नाही, आणि सगळे समाधानी. पण झिजलेल्या गाइडमध्ये चालताना व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी जरा वेगळ्या कोनात बसतो. कडेच्या एका बाजूवर आधी आपटून मग सरकतो, आणि तेच घासणं महिन्याभरात पेस्टचं काम पुसून टाकतं. आधी गाइड, मग सीट, मग हलकीशी पेस्ट, हा क्रम सोडू देऊ नका. ज्या व्हॉल्व्हच्या कडेवर कडक थर आहे, त्यावर पेस्ट रगडणं तर त्या थराचीच माती करणं.

कडी बदलताना हेड सगळीकडे सारखं तापवून आणि कडी गोठवून बसवावी लागते, म्हणजे ती हाताच्या जोराने आत जाते. थंड हेडात हातोड्याने ठोकलेली कडी घराच्या भिंतीचा अॅल्युमिनियम खरवडत जाते. पकड कागदावर राहते, प्रत्यक्षात नाही. सीटची रुंदीही बघून घ्यावी. अरुंद सीट दाब छान धरते पण उष्णता कमी नेते, म्हणून एक्झॉस्टची सीट इनलेटपेक्षा रुंद ठेवतात. वर ३० आणि खाली ६० अंशांचे काप देऊन ४५ अंशांची पट्टी हव्या त्या जागी आणता येते. घाईत एकच काप मारला की पट्टी व्हॉल्व्हच्या अगदी टोकाला जाते, तिथे धातू पातळ असतो आणि तोच भाग पहिला जळतो.

आणखी एक युक्ती सर्रास चालते. सीट खोल गेली, गॅप मिळेना, तर दांड्याचं टोक घासून गॅप काढतात. थोडंसं चालतं. जास्त घासलं तर टोकाचा कडक थर निघून जातो. शिवाय व्हॉल्व्ह खोल गेल्याने स्प्रिंगची बसलेली उंची वाढते, तिचा जोर घटतो आणि जास्त फेऱ्यांवर व्हॉल्व्ह सीटवर बसताना उसळतो. मग प्रत्येक मिटण्याला एकाऐवजी दोन-तीन दणके. स्प्रिंगखाली योग्य जाडीची चकती घातली नाही, तर नवी सीटही त्याच वाटेने जाते.

बाटलीतल्या औषधांबद्दल थोडक्यात. शिशाची जागा घेणारी पोटॅशियम, मँगनीज, फॉस्फरस, सोडियमची संयुगं काम करतात, पण ती पेट्रोलमधून जायला हवीत; गॅसवर चालणाऱ्या गाडीच्या पेट्रोल टाकीत ती ओतून उपयोग नाही. इनटेक मॅनिफोल्डमध्ये थेंबथेंब सोडणारी उपकरणं मिळतात. थेंब चारही सिलिंडरना सारखे जात नाहीत, ही त्यांची मुळातली मर्यादा. एक सिलिंडर उपाशी राहिला तर हेड त्याच्यासाठी उतरतंच. तेलाचा मुद्दा जास्त खरा आहे. जागेवर चालणाऱ्या मोठ्या गॅस इंजिनांसाठी तेल निवडताना त्यातली राख मुद्दाम थोडी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ठेवतात. ती गाइडमधून झिरपून सीटवर बसते. मोटारीत मात्र कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं तेल वेळेवर बदलणं याहून शहाणपण दुसरं नाही.

गॅसवाल्याच्या हाताशी असलेला उपाय पेट्रोलचाच आहे. गाडी पेट्रोलवर सुरू करून नीट गरम होऊ द्यावी, आणि समृद्धीवर किंवा घाटात सलग ताण पडणार असेल तेव्हा तेवढं अंतर पेट्रोलवर काढावं. खर्च वाढतो हे कबूल. हेडच्या कामाशी तो ताडून पाहा.

आणि मोजमाप. टॅपेटचा गॅप इंजिन रात्रभर थंड असताना, फीलर गेजच्या पात्याने, मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून मोजायचा. साधन धडकं हवं. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि हवामान खात्याला सेन्सर बिघडल्याचं जाहीर करावं लागलं. झिजलेल्या, वाकलेल्या पात्याने घेतलेला गॅप त्याच दर्जाचा. एक्झॉस्टचा गॅप ०.२० मिलिमीटर ठेवला होता आणि वीस हजार किलोमीटरनंतर तो ०.१० भरला, तर सीट एका कागदाच्या जाडीएवढी खचली आणि पुढच्या वीस हजारांत व्हॉल्व्ह अडकणार, हा हिशेब कुणालाही करता येतो. स्क्रूने गॅप बदलणाऱ्या जुन्या इंजिनांत हे अर्ध्या तासाचं काम. हल्लीच्या वाट्यांच्या टॅपेटमध्ये गॅप बदलायला योग्य जाडीची वाटी आणावी लागते, कॅमशाफ्ट उतरवावा लागतो, म्हणून कुणी मोजतच नाही. मोजायला मात्र कॅम उतरवावा लागत नाही. हायड्रॉलिक टॅपेटच्या गाडीत तर झीज झाकली जाते. प्लंजर तळाला टेकेपर्यंत सगळं आलबेल वाटतं. अशा गाडीला कॉम्प्रेशन आणि लीकडाउनची चाचणी हाच मार्ग. सिलिंडरमध्ये हवा भरल्यावर सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्टची सीट, थ्रॉटलच्या तोंडातून आली तर इनलेटची.

गॅसची जुनी मोटार घ्यायला जाल तेव्हा चारही सिलिंडरचे थंड गॅप समोर मोजून घ्या आणि मागच्या नोंदीशी ताडा. विकणाऱ्याकडे तशी नोंदच नसेल, तर किमतीतून हेडच्या पूर्ण कामाचा खर्च आधीच वजा करा.